चाकांची बॅग आणि नाईल

“चाकांची बॅग घेऊ, पाठीवर ओझं कशाला?” असं निघताना मीच म्हणालो होतो. हे कबूल केलं की पुढचं सांगायला मी मोकळा.

युगांडात कंपालाहून जिंजा जेमतेम ८० किलोमीटर. तिकडे टॅक्सी म्हणजे १४ जणांची व्हॅन. आमच्या व्हॅनमध्ये किती होते, ते मोजायला मान वळली नाही. जिंजाच्या हॉटेलात “तुमचं नावच नाही” असं उत्तर मिळालं. बाहेर बोडा-बोडा, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकली, उभ्याच होत्या. एक जण हिला म्हणाला, “मामा, नदीकाठी कॅम्प आहे.” तिकडे मामा म्हणजे आई, हे मी सांगेपर्यंत ही भांडायच्या पवित्र्यात आली होती.

टाकीवर बॅग, मागे बोडावाला, त्याच्यामागे ही आणि उरलेल्या चार बोटं जागेत मी. शेवटचा लाल मातीचा उतार पायी. तिथे बॅगेचं एक चाक निखळलं.

आणि झाडी संपली तर खाली नाईल! रुंद, संथ, मधे हिरवी बेटं, खडकावर पंख वाळवणारे पाणकावळे. १८६२ साली स्पीक नावाच्या इंग्रजाने जिंजापाशी तिचा उगम ‘शोधला’. इथल्या लोकांची ती कधी हरवलीच नव्हती, ही गोष्ट वेगळी. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथेच सोडला. इथलं पाणी भूमध्य समुद्रात पोचायला ३ महिने लागतात म्हणे. आमच्या बॅगेला तेवढीही घाई नव्हती.

कॅम्पभर स्वतःएवढे बोजे पाठीवर वागवणारी पोरं. तीन चाकांवर लंगडत येणारी बॅग पाहायला झोपाळ्यातली पोरंसुद्धा उठून बसली. तंबू छान होता. न्हाणीघराला मात्र तीन बाजूंनी बोरूचे तट्टे आणि चौथी बाजू नदीला मोकळी.

“मी इथे अंघोळ करणार नाही,” ही म्हणाली. “समोरून होडी आली म्हणजे?”

जेवायला रोलेक्स, म्हणजे चपातीत गुंडाळलेलं आम्लेट. “मैद्याची आहे,” म्हणत हिने दोन संपवले.

तेवढ्यात माकडं आली. तंबूची चेन उघडणं हा त्यांच्या डाव्या हाताचा मळ. कुणाचा पाव गेला, कुणाची केळी. आमच्या बॅगेच्या आकड्यांच्या कुलुपापाशी मात्र एक थोराड माकड बराच वेळ डोकं खाजवत बसलं आणि हात हलवत परत गेलं. त्या क्षणी बॅगेचे दिवस पालटले. रात्री अख्ख्या कॅम्पचा उरलासुरला नाश्ता आमच्या चिवड्याशेजारी मुक्कामाला आला.

सकाळी सातला आमच्या तंबूबाहेर नऊ जण रांगेत, रेशनच्या दुकानासारखे. आकडा फक्त हिला माहीत. आणि ही पाऊण तास न्हाणीघरात. मी तट्ट्याबाहेरून तिसरी हाक मारली.

“थांबा हो जरा,” आतून आवाज आला, “समोरून होडी जातेय, बघू द्या!”