चोवीस तासांत बुडबुडे नाहीत, म्हणून बिअर ओतून द्यायची?

ब्रिटनमधील लीड्स शहरात राहणाऱ्या माझ्या भाच्याने आयुष्यात पहिल्यांदा घरी वीस लिटर बिअर आंबायला घातली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बराच फिरलेला संदेश येऊन पडला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: चोवीस तासांत एअरलॉकमधून (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या पाणी भरलेल्या नळीतून) बुडबुडे आले नाहीत तर यीस्ट मेले, मग बादली हीटरजवळ सरकवून पाहावी, वर तपकिरी थर दिसला तर ती बुरशी, घरच्या बिअरमध्ये मिथेनॉल तयार होऊन डोळे जातात, आणि यातून निभावले तर सातव्या दिवशी बाटल्या भराव्यात. खाली भाच्याचा प्रश्न होता, "मामा, ओतून देऊ का?" सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीच्या वॉशची (आंबत घातलेल्या मळीच्या द्रावणाची) ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, घेण्यात माझी बावीस वर्षे गेली, म्हणून हे उत्तर. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, ब्रिटनमध्ये स्वतःपुरत्या बिअरला १९६३ पासून परवाना लागत नाही, तेव्हा हे इथे कोणी करून पाहू नये.)

यीस्ट वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड काढ्यात, पडले की लगेच वायू सोडू लागत नाही. आधी ते त्यातला प्राणवायू शोषून घेते आणि वाढू लागते. या तयारीला बारा तासही पुरतात आणि कधी बहात्तर तासही लागतात. ऐन डिसेंबरात आंबोळीचे पीठ सकाळी फुगले नाही म्हणून कोणी ते उकिरड्यावर टाकत नाही. शिवाय बुडबुडा हा यीस्टचा साक्षीदार नसून झाकणाचा आहे. वीस लिटर साधी बिअर आंबताना एकूण सुमारे चारशे लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि प्लॅस्टिकच्या बादलीचे झाकण एका कडेला जरी सैल असले तरी तो वायू एअरलॉकमधले पाणी ढकलत बसण्यापेक्षा त्या फटीतून निघून जातो. भाच्याला मी हायड्रोमीटर, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजणारी तरंगती काचनळी, लावायला सांगितले; साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा. आंबायला घालताना त्याची ग्रॅव्हिटी १.०५० होती, तिसऱ्या दिवशी, एकही बुडबुडा दिसलेला नसताना, ती १.०३१ भरली. साखर कमी झाली होती, म्हणजे यीस्ट कामाला लागलेले होते.

हीटरचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, तो बिअर बिघडवणारा आहे. आमच्या वॉशचे तापमान तीस-बत्तीस अंशांवर चालते, कारण तिथे चवीचा प्रश्नच नसतो. जास्त तापमानात वाढणारी जड अल्कोहोले, ज्यांना आम्ही फ्यूजल ऑइल म्हणतो, ती ऊर्ध्वपातनाच्या कॉलममधून वेगळी काढता येतात. बिअरला कॉलम नाही. जे तयार झाले ते ग्लासात येणार, म्हणून एल जातीच्या (भाच्यासारख्या साध्या घरगुती बिअरच्या) यीस्टला साधारण अठरा ते वीस अंशच बरे.

तपकिरी थराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तो यीस्ट, प्रथिने आणि हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) फेस असतो व काही दिवसांत बसतो. पृष्ठभागावर कोरडी, सुरकुतलेली पांढरी साय धरली आणि आंबट वास सुटला, तर संसर्गाची शंका रास्त आहे.

मिथेनॉलची भीती मला समजते, कारण २०१५ साली मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने गेली, ती मिथेनॉलनेच. पण ते मिथेनॉल कोणत्या पिंपात आंबून तयार झालेले नव्हते. ते औद्योगिक रसायन होते आणि दारू म्हणून विकले गेले. आंबवणीत मिथेनॉल येते ते मुख्यतः फळांतल्या पेक्टिनमधून, आणि धान्याच्या माल्टमध्ये पेक्टिन नगण्य असते. यीस्ट साखरेपासून इथेनॉल बनवते.

आणि आता तो सातवा दिवस, ज्याबद्दल संदेश सर्वांत निर्धास्त आहे आणि जिथे खरोखर इजा होऊ शकते. ग्रॅव्हिटी १.०१२ वर थांबायची असताना कोणी १.०२० ला बाटली बंद केली, तर उरलेल्या साखरेपासून लिटरमागे आणखी सुमारे ८ ग्रॅम वायू तयार होतो; नेहमीच्या फेसाळ बिअरमध्ये एकूणच सुमारे ५ ग्रॅम असतो. फेसासाठी मुद्दाम घातलेल्या साखरेचा वायू यात धरलेला नाही. अशी काच फुटते तेव्हा जवळच्या माणसाच्या डोळ्यांना धोका असतो, तो मिथेनॉलचा नव्हे. म्हणून दिवस मोजायचे नाहीत. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन वाचने सारखी आली, आणि अपेक्षित आकड्याच्या आसपास आली, की मगच बाटल्या.

भाच्याच्या बादलीत अकराव्या दिवशी १.०१३ आणि चौदाव्या दिवशी १.०१२ असे वाचन आले. मी त्याला आणखी तीन दिवस थांबायला सांगितले आहे आणि एअरलॉककडे बघत बसू नकोस असेही, पण तो बघतो.