स्कूबी-डूमधलं भूत कोणाच्या फायद्याचं असतं?

लहान मुलांना भुताखेताच्या मालिका दाखवाव्यात का, यावर चतुर्थीला आमच्या डिचोलीच्या घरी सगळे जमले की हमखास वाद होतो. माझं मत ठाम आहे. दाखवाव्यात, आणि सुरुवात जुन्या 'स्कूबी-डू, व्हेअर आर यू!' या कार्टून मालिकेपासून करावी. जुन्या म्हणजे अगदी पहिल्या. १३ सप्टेंबर १९६९ ला अमेरिकेत सीबीएस या टीव्ही वाहिनीवर सुरू झालेली, पहिल्या हंगामात १७ आणि दुसऱ्यात ८ असे एकूण २५ भाग असलेली. त्यानंतर स्कूबीचे किती अवतार आले याची गणती नाही, पण मी बोलतोय ते या पंचवीसांबद्दल.

या मालिकेत भूत खरं नसतं, शेवटी मुखवटा निघतो आणि आत माणूस असतो, एवढं सगळ्यांनाच ठाऊक आहे. मला त्याच्या पुढचा भाग मोलाचा वाटतो. मुखवटा निघाल्यावर स्कूबी या कुत्र्याला घेऊन रहस्यं उलगडत फिरणारी शॅगी, डॅफ्नी, व्हेल्मा वगैरे मुलं विचारतात की या माणसाला भुताची गरज का पडली होती? म्हणजे, लोक घाबरले तर याचं काय भलं होणार होतं? आणि उत्तर जवळजवळ दर वेळी पैशापाशी येऊन थांबतं. पहिल्याच भागात काळ्या चिलखतातला सरदार रात्री संग्रहालयात फिरतो, कारण आत चित्रांची अफरातफर चाललेली असते. कॅप्टन कटलरचं भूत शेवाळानं माखलेल्या, चमकणाऱ्या पाणबुड्याच्या पोशाखात समुद्रातून वर येतं, आणि त्या भीतीच्या आड नौका चोरीला जातात. एका भागात जुन्या सोन्याच्या खाणीत खाणकामगाराचं भूत फिरतं. प्रत्यक्षात खाणीत तेल सापडलेलं असतं आणि ते इतर कोणाच्या हाती लागू नये म्हणून तिथल्याच एकानं हा खेळ मांडलेला असतो. बंद पडलेल्या विमानतळावरचं ते अंतराळवीराचं भूत, काचेच्या आत चमकणारी कवटी आणि ते कानात घुमणारं हसू (आजही रात्री एकट्यानं तो भाग लावायला मी फारसा उत्सुक नसतो), त्याच्या मुळाशी जमीन स्वस्तात घशात घालण्याचा बेत निघतो.

गोव्यात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ज्या घराचे वारसदार मुंबईत किंवा परदेशात आहेत, ज्याच्या भाटाचं, म्हणजे बागायतीचं, कूळ-मुंडकार प्रकरण (जमीन कसणाऱ्या आणि तिथं राहणाऱ्यांच्या हक्कांचा वाद) वर्षानुवर्षं कोर्टात पडून आहे, नेमक्या त्याच बंद घरात रात्री दिवा दिसतो, बाई रडते. आमच्या गावातही असं एक घर आहे. त्याच्याबद्दलच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या त्यापेक्षा आता जास्त ऐकतो, आणि गिऱ्हाईक येऊन गेलं की त्या वाढतात. 'तिथं काय आहे?' याआधी 'हे कोण सांगतंय आणि त्याचं काय आहे त्यात?' असं विचारायची सवय माझ्या भाचीला या मालिकेनं लावली. दहा वर्षांच्या मुलीकडून तो प्रश्न ऐकून मला फार बरं वाटलं.

मालिका जन्मली कशी हेही बघण्यासारखं आहे. साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत शनिवार सकाळच्या कार्टूनमधल्या मारामाऱ्यांविरुद्ध पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या होत्या. सीबीएसच्या फ्रेड सिल्व्हरमन यांना मारामारी नसलेलं काहीतरी हवं होतं. जो रुबी आणि केन स्पीअर्स यांनी मालिका रचली, पण सुरुवातीची चित्रं वरिष्ठांना लहान मुलांसाठी फारच भीतिदायक वाटली. मग कुत्रा पुढे आणला गेला. तो रेखाटला इवाओ ताकामोतो यांनी. त्यांनी ग्रेट डेन जातीच्या कुत्र्यांची पैदास करणाऱ्या एका सहकारी बाईंकडून चांगल्या कुत्र्याची लक्षणं समजून घेतली आणि मुद्दाम उलटी काढली. वाकडे पाय, उतरती पाठ, लोंबती हनुवटी. भित्रा कुत्रा आणि भित्रा शॅगी मध्ये असल्यामुळेच पाच-सहा वर्षांचं मूलही हे बघू शकतं. आपल्यापेक्षा जास्त घाबरणारं कोणीतरी पडद्यावर आहे, हा मोठाच आधार असतो.

आणि ती पार्श्वचित्रं! वॉल्ट पेरेगॉय हे डिस्नेकडे रंगयोजनेचं काम केलेले चित्रकार. त्यांनी घडवलेले ते जांभळे, शेवाळी, शाईसारखे निळे वाडे, वाकलेली झाडं, धुक्यातला रस्ता. कोणीही न बोलता तसंच अर्धा तास दाखवलं असतं तरी मी पाहिलं असतं.

पण त्या सुंदर चित्रांपुढे हलणारी माणसं मात्र स्वस्तात उरकलेली आहेत, हे कबूल करावंच लागतं. तीच चाल, तेच पळणं, तोच दरवाजा पुन्हा पुन्हा. मागून प्रेक्षकांचं आधीच मुद्रित केलेलं हसू वाजतं आणि छान जमलेली भीती दर दोन मिनिटांनी मोडते. मला या मालिकेतली सर्वांत वाईट गोष्ट हीच वाटते. डॅफ्नीला चोरदारात पडण्यापलीकडे फारसं काम नाही. रहस्य म्हणून पाहिलं तर अनेक भाग कच्चे आहेत: सगळ्या भागात संशय घ्यावा असा माणूसच एखादा, मग तोच चोर. कधी कधी तर शेवटी व्हेल्मा असा पुरावा काढते जो आपल्याला धड दाखवलेलाच नव्हता. हा प्रेक्षकांवर अन्याय आहे.

एक उणीव मात्र मला गोव्यात राहून जाणवते. या मालिकेला एकाच प्रकारची भीती माहीत आहे, फसवणुकीची. आमच्याकडे देवचार आहे. तो राखणदार. त्याला रोट दाखवतात, विडी ठेवतात, वाट चुकलेल्याला तो घरी आणून सोडतो म्हणतात. सत्तरी तालुक्यात देवराया, म्हणजे देवाच्या नावानं राखलेली रानं, शिल्लक आहेत. नानोड्याजवळच्या निरंकाराच्या रायीत पाण्यात मुळं रोवून उभी असलेली रानजायफळाच्या कुळातली दुर्मीळ झाडं आहेत. तिथं पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड लागली नाही ती भीतीमुळेच. या भीतीतून कोणा एकाच्या खिशात काही गेलं नाही, सगळ्या गावाला पाणी मिळालं. व्हेल्मा इथं आली तर कोणाचा मुखवटा ओढणार? मी भाचीला स्कूबी दाखवतो तसा तिला रायीतही नेतो, चपला बाहेर काढायला लावतो. दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात नीट राहतात. मुलांना आपण समजतो त्याहून जास्त कळतं.

आता पुढच्या अवतारांबद्दल. १९७९ ला आलेला स्क्रॅपी, म्हणजे स्कूबीचा छोटा पुतण्या, मला कधीच आवडला नाही, त्यावर जास्त लिहीत नाही. पण १९८५ च्या 'द थर्टीन घोस्ट्स ऑफ स्कूबी-डू' मध्ये भुतं खरी झाली आणि नंतरही अधूनमधून होत राहिली. ती चित्रं जास्त देखणी असतील, कथा जास्त गुंतागुंतीच्या असतील. माझा विरोध कायम आहे. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री आमची पोरं बांबू, गवत, कागद घालून नरकासुर उभा करतात, त्याला भयंकर मुखवटा चढवतात आणि पहाटे जाळतात. आत काय आहे हे प्रत्येकाला माहीत असतं, तरी अंधारात त्याच्याकडे बघून पोटात गोळा येतोच. मूळ स्कूबी-डूत तीच मजा आहे. भूत खरं केलं की ती गेलीच, आणि 'यात कोणाचा फायदा?' हा प्रश्नही गेला.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी कॅप्टन कटलरच्या भागानं करा, समुद्र आपल्या मुलांच्या ओळखीचा आहे. अंतराळवीराचा भाग सात वर्षांखालच्यांना रात्री दाखवू नका. दुसऱ्या हंगामात पाठलागावर गाणी घातली आहेत, ती मुलांना आवडतात, मला नाही. भाग संपला की लगेच पुढचा लावू नका. चोर कोण हे आधी कोणी ओळखलं आणि कशावरून, ते मुलांना सांगू द्या.