झेरॉक्स, लॅमिनेशन आणि नकार

आमच्या सांगलीत पाहुण्याचा 'नको' कुणी मनावर घेत नाही. 'नको' म्हटलं की बशीत आणखी भडंग पडतं, आणि 'नको, खरंच नको' म्हटलं की त्यावर कांदा-कोथिंबीर येते. लग्नाची बोलणी असोत, उसनवारी असो की सोसायटीची निवडणूक, तोंडावर 'नाही' म्हणणारा माणूस इथे उद्धट ठरतो. 'घरात विचारून सांगतो', 'एवढा हंगाम जाऊ द्या', 'तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असणार की वो' यातलं काहीही कानावर आलं की शहाण्याने चहा संपवावा आणि चपला शोधायला लागावं.

अशा गावात, विश्रामबागेत, माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म एवढंच लिहिलंय. प्रत्यक्षात बरीच गिऱ्हाइकं येतात ती इंग्रजीत नकार लिहून घ्यायला. दिल्ली, दुबई, निदान पुण्यातून तरी कुणीतरी काहीतरी विचारलेलं असतं. मग मराठीत जन्मात कुणाला नाही न म्हटलेला माणूस माझ्यासमोर स्टुलावर बसतो आणि म्हणतो, "तुम्हीच घाला एखादा चांगला शब्द."

चांगला शब्द! इंग्रजांनी नकारातसुद्धा मानपान ठेवलाय. आमंत्रण डिक्लाईन करायचं, लाच रिफ्यूज करायची, अर्ज रिजेक्ट करायचा आणि आरोप डिनाय करायचा. जागा बदलल्या की घोटाळा. जेवणाचं आमंत्रण रिजेक्ट केलंत तर यजमानाला वाटणार, मागच्या वेळी आमटीत काहीतरी निघालं असावं. आणि आरोप डिक्लाईन केलात तर न्यायाधीश म्हणतील, बाबा रे, तो घ्यायचा आग्रह तुला कुणी केला नव्हता.

परवा एक बेदाण्याचे व्यापारी आले. दिल्लीच्या पार्टीने हिरव्या बेदाण्याला किलोमागे 210 रुपये देऊ केले होते, यांना 235 हवे होते. "नाही म्हणायचं," ते म्हणाले, "पण असं म्हणा की त्यानं उद्या पुन्हा फोन केला पाहिजे."

मी 'रिजेक्ट' सुचवला. त्यांना अर्थ सांगितला की लॅटिनमध्ये याचं मूळ 'परत फेकणे' असं आहे. त्यांनी कानाला हात लावले. वीस वर्षांच्या पार्टीच्या अंगावर काही फेकायचं नव्हतं. 'रिफ्यूज'मध्ये भांडणाचा वास येतो. मग मी माझा ठेवणीतला, इस्त्री केलेला शब्द काढला, 'वी डिक्लाईन युवर रेट.' व्यापारी स्टुलावरून उठलेच. "डिक्लाईन म्हणजे उतरणं ना वो? रोज टीव्हीवर शेअरबाजाराखाली येतंय. भाव उतरला असं समजंल की तो! 180 ला मागंल!"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारच्या खुर्चीत प्रती मोजत बसलेल्या वकीलबाईंनी त्यात तेल ओतलं. इंग्लंडात 1840 साली हाइड विरुद्ध रेंच असा एक खटला झाला म्हणे. रेंचने आपलं शेत हजार पौंडांना देऊ केलं, हाइडने साडेनऊशेला मागितलं. रेंच नाही म्हणाला, तेव्हा हाइड म्हणाला, बरं, घे तुझे हजार. कोर्टाने सांगितलं, आता नाही मिळायचं. तू साडेनऊशे म्हणालास तेव्हाच हजाराचा प्रस्ताव नाकारलास, तो तिथेच मेला.

व्यापाऱ्यांना हा निकाल अजिबात पटला नाही. "मग ते लोक सौदा करतात तरी कसा?" त्यांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. भाव पाडून मागितला म्हणजे व्यवहार संपला, असं आमच्या मार्केट यार्डात धरलं तर दुपारपर्यंत सगळे अडते घरी जाऊन झोपतील.

ते विचार करायला चहाला गेले, तोवर एक मुलगी आली. तिला पुण्याच्या एका कंपनीची नोकरी नको होती. मजकूर तिने स्वतःच लिहून आणला होता, 'आय रिफ्यूज युवर ऑफर.' वाचल्यावर मला तिच्या हातात मशालच दिसली. रिफ्यूज म्हणजे पाय रोवून, छाती काढून दिलेला नकार. त्यातून हाच शब्द, त्याच स्पेलिंगने, नाम म्हणून वाचला की कचरा असा अर्थ होतो. सांगितल्यावर ती म्हणाली, "पगार बघितलात तर तोच अर्थ ठेवाल." शेवटी डिक्लाईनवर मिटलं. तिथे भाव उतरण्याची भीती नव्हती, तो आधीच उतरलेला होता.

स्थळांना इंग्रजीत नकार देणं मात्र मी बंद केलंय. मुलगा मेलबर्नला, त्याच्या घरच्यांची मेल इंग्रजीत, आणि मुलीच्या वडिलांना लिहायचं असतं 'पत्रिका जुळत नाही'. याच्यावर इंग्रजीत तोड नाही. यात नाकारणारा माणूसच नसतो, मंगळ परस्पर सगळं बघून घेतो. आमच्या गावाला ही युक्ती जुनी ठाऊक असावी. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत मराठी रंगभूमीचा नारळ फोडला तो 'सीता स्वयंवर' करून. जनकाची सोय बघा. एवढे राजे आले, पण एकालाही तोंडावर नाही म्हणायची वेळ त्याच्यावर आली नाही. धनुष्य उचललं नाही की आपापल्या रथाकडे.

कोर्टात ही सोय नाही. विजयनगरच्या कोर्टात चाललेल्या एका दाव्याची कैफियत टाइप करायला आमच्या गल्लीतले एक तात्या वकीलबाईंबरोबरच आले होते. उसने घेतलेले पन्नास हजार परत करत नाहीत, असा दावा. मसुद्यात पहिल्याच परिच्छेदात 'डिनाइड इन टोटो' होतं. तात्यांनी चष्मा वर केला. "हा टोटो कोण? मी त्याला ओळखत नाही. त्याच्याकडनं बी काही घेतलेलं नाही."

टोटो म्हणजे संपूर्णपणे, हे समजावून झाल्यावर तात्या म्हणाले, "मग साधं लिहा, पन्नास हजार घेतले नाहीत." तर वकीलबाई म्हणाल्या, तेवढ्याने चालत नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, ऑर्डर 8, नियम 4 मध्ये हे जवळजवळ तात्यांचं नाव घेऊनच लिहिलंय. अमुक रक्कम घेतली असा आरोप असेल, तर तेवढीच घेतली नाही असं म्हणणं म्हणजे पळवाट. ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग घेतला नाही असं म्हणा, नाहीतर किती घेतली ते सांगा.

दुकानात शांतता पसरली. झेरॉक्स मशीनसुद्धा थांबलं.

"किती घेतले होते, तात्या?"

"पंचेचाळीस."

वर नियम 5 आहेच. जे स्पष्टपणे नाकारलं नाही ते कबूल धरतात. आयुष्यभर गप्प बसून नकार देत आलेल्या माणसाला हा कायदा किती जाचक! सांगलीत गप्प बसलं की 'नाही', कोर्टात गप्प बसलं की 'हो'. कानावर हात ठेवायचे तेही परिच्छेद क्रमांक घालून.

सगळ्यात वाईट वाटलं ते टेम्पोवाल्याचं. त्याला विमा कंपनीचं पत्र आलं होतं, 'युवर क्लेम स्टँड्स रिप्युडिएटेड.' एवढा लांबलचक शब्द म्हणजे मंजुरीच, असं धरून तो ते लॅमिनेट करायला घेऊन आला होता. रोमन लोक 'रिपुडियम' काडीमोडाला म्हणत. विमा कंपनीने काडीमोड घेतला, आणि पोटगीही नाही, हे त्याला सांगायची मला हिंमत होईना. (नशीब, 'स्पर्न' अजून कुठल्या कार्यालयाने वापरलेला नाही. त्याच्या मुळाशी लाथ आहे. आपल्या 'लाथाडणे'चाच तो साहेबी भाऊ.) मी फक्त म्हणालो, "लॅमिनेशन नको करू, मागं उत्तर लिहावं लागंल."

चहा पिऊन व्यापारी परतले. मी लिहून दिलं, 'वी रिग्रेट अवर इनॅबिलिटी टू सप्लाय ॲट धिस रेट ॲट प्रेझेंट.' त्यांनी एकेक शब्दाचा अर्थ विचारून घेतला. आम्हाला दुःख होतंय, हे आवडलं. आम्ही असमर्थ आहोत, हेही चालेल म्हणाले. 'ॲट प्रेझेंट'वर मात्र त्यांचा चेहरा खुलला.

"एवढंच जरा ठळक करता येईल का?"

केलं. संध्याकाळी दिल्लीचं उत्तर आलं, 'नोटेड. विल रिव्हर्ट.' मी अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं आणि फोन काढून गोडाऊनवर कळवलं, "तो दिल्लीचा माल बाजूला काढून ठेव रे. आलाय लाइनीवर."