लघवीच्या पट्टीवर लिव्हरचा कॅन्सर दिसत नाही

लातूर-नांदेडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: लघवीतल्या प्रोटीनवरून लिव्हरचा कॅन्सर कळतो, आता सोनोग्राफीची गरज नाही, मोठे दवाखाने हे लपवतात, आणि दारू न पिणाऱ्याने तर काळजीच करू नये. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. लघवीच्या पट्ट्या रोज हातात असतात. त्यामुळे एकेका दाव्याला उत्तर देतो.

"लघवीत प्रोटीन आलं म्हणजे लिव्हर गेलं"

पट्टी बुडवली, मिनिटभर थांबलं, की प्रोटीनचा पिवळा चौकोन हिरवट होतो. तो रंग मुख्यतः अल्ब्युमिनचा. अल्ब्युमिन लघवीत उतरतं ते बहुतेक वेळा मूत्रपिंडाची गाळणी बिघडल्यामुळे: जुनी शुगर, बीपी, किडनीचा आजार, कधी नुसता ताप. गरोदर बाईच्या लघवीत ते दिसलं तर डॉक्टर आधी तिचा बीपी बघतात. मे महिन्यात दिवसभर रानात राबून आलेल्या माणसाची लघवी घट्ट असते, तेव्हाही पट्टी थोडी हिरवी दिसू शकते. अल्ब्युमिन लिव्हरच तयार करतं हे खरं, पण लिव्हर खराब झालं की ते रक्तात कमी होतं. पट्टीला त्यातलं काहीच समजत नाही.

"शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय"

संशोधन चालू आहे, एवढं खरं. लिव्हर कॅन्सरच्या रुग्णांच्या लघवीत काही प्रोटीनचं प्रमाण बदललेलं आढळतं. पण ती मोजायला मास स्पेक्ट्रोमीटरसारखी यंत्रं लागतात. आणि खरा प्रश्न पुढेच आहे: तुलना कुणाशी केली? धडधाकट माणसाशी केली तर कुठलीही चाचणी हुशार ठरते. हा कॅन्सर बहुधा सिऱ्हॉसिस झालेल्या, म्हणजे जुन्या आजाराने कडक आणि गाठाळ झालेल्या लिव्हरमध्येच वाढतो, आणि सिऱ्हॉसिसनेही प्रोटीन बदलतात. कॅन्सर नसलेला सिऱ्हॉसिसचा रुग्ण आणि कॅन्सर झालेला रुग्ण, या दोघांतला फरक चाचणीने दाखवला पाहिजे.

आता एक हिशेब करू. समजा, चाचणी दोन्ही बाजूंनी 90 टक्के अचूक आहे. गावोगावच्या 10,000 लोकांची तपासणी केली, त्यांत 10 जणांना कॅन्सर आहे. 9 सापडतील, 1 सुटेल. उरलेल्या 9,990 पैकी 999 जणांनाही चाचणी "कॅन्सर" म्हणेल. म्हणजे 1,008 पॉझिटिव्हमध्ये खरे फक्त 9. बाकीच्या घरांत रडारड, उसनवारी आणि शहराच्या चकरा. हे माझ्याच्याने बघवणार नाही.

लपवण्याचं म्हणाल, तर हे संशोधन उघड छापून येतं.

"सोनोग्राफीची गरज नाही"

सगळ्यांत घातक वाक्य हेच. सिऱ्हॉसिसच्या रुग्णाने दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते, सोबत रक्तातलं एएफपी, म्हणजे लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं एक प्रोटीन. एएफपीचा रेणू साधारण अल्ब्युमिनएवढाच मोठा, त्यामुळे तो सहसा लघवीत उतरत नाही. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये बऱ्याच जणांचं एएफपी नॉर्मल येतं, सोनोग्राफीतही छोटी गाठ सुटू शकते. म्हणून तर तारखा चुकवायच्या नाहीत. संशय आला की कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून औषध सोडून केलेला सीटी किंवा एमआरआय: सिऱ्हॉसिसच्या रुग्णात गाठ आधी चमकते, मग फिकी पडते, आणि या खुणेवर अनेकदा बायोप्सीशिवाय, म्हणजे गाठीचा तुकडा न काढताच निदान होतं. पट्टी निगेटिव्ह आली म्हणून कुणी ही तारीख सोडली, तर पुढे गाठ सापडेल ती ऑपरेशनच्या पलीकडे गेलेली.

"दारू न पिणाऱ्याला भीती नाही"

हिपॅटायटिस बी आणि सी, शुगरसोबतचं फॅटी लिव्हर, ही कारणं दारूविनाही असतात. चौथं आपल्या कणगीत असू शकतं. ओल लागलेल्या शेंगा आणि मक्यावरची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. शांघायमध्ये 18 हजारांवर पुरुषांच्या लघवीचे नमुने जपून ठेवले होते. ज्यांच्या लघवीत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा होत्या त्यांना हा कॅन्सर जास्त झाला, आणि हिपॅटायटिस बी सोबत असेल तर धोका कितीतरी पट वाढला, असं 1992 मध्ये प्रसिद्ध झालं. बुरशी आलेले, सुरकुतलेले, कडवट दाणे टाकून द्या. भाजल्याने ते विष पूर्ण जात नाही.

हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी आणि औषधं राष्ट्रीय कार्यक्रमात 2018 पासून मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात विचारा. घरात एकाला बी निघाला तर बाकीच्यांचंही रक्त तपासा, आणि बाळ जन्मलं की 24 तासांत पहिली लस द्या.