‘फिलिपिनोंना स्वतःचं असं काहीच नाही’ म्हणणाऱ्या आमच्या काकांना

गेल्या रविवारी सकाळी धाकट्या काकांनी फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकलं. वर तीन लाल दिवे, खाली जोडलेले हात, मथळा ‘स्वतःला विसरलेला देश – फिलिपिन्स’. असले मेसेज मी एरवी न वाचताच पुढे सरकवते. हा सरकवता आला नाही, कारण माझी वहिनी फिलिपिनो आहे, ती याच ग्रुपवर आहे, आणि तिची अकरा वर्षांची लेक आईच्या फोनवरून ग्रुप चाळत असते. भाषांतराचं बटण दाबलं की हल्ली कुणालाही मराठी वाचता येतं, हे काकांच्या गावीही नसावं. संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोहून भाचीचा व्हॉइस मेसेज आला: “आत्या, मम्माच्या लोकांचं स्वतःचं काहीच नाहीये का?”

काकांना मी फोनवर काय बोलले ते इथे नको. मेसेज मात्र अजून फिरतोय, म्हणून हे लिहिते.

मेसेजचा सारांश असा. फिलिपिन्सवर ३३३ वर्षं स्पेनचं राज्य होतं आणि ४८ वर्षं अमेरिकेचं. ‘तीनशे वर्षं चर्चमध्ये, पन्नास वर्षं हॉलिवूडमध्ये’ गेलेल्या लोकांना संस्कृती कुठली? त्यांना लिपी नव्हती. आडनावं स्पॅनिश, म्हणजे रक्तही स्पॅनिश. त्यांचे चित्रकार, गायक जगभर पसरलेत, पण करतात ती गोऱ्यांची नक्कल. मूळचे जे होते ते कुत्री खाणारे रानटी. आणि शेवटी आपल्यासाठी गोड घास: जे थोडंफार चांगलं उरलंय ते भारताचं, कारण तिथला कलिंग प्रांत म्हणजे सम्राट अशोकाचाच कलिंग!

हॉलिवूडचं ते वाक्य मुळात त्या लोकांचंच, स्वतःवर हसायला केलेलं. आपण आपल्या घरच्यांना नावं ठेवतो म्हणून शेजाऱ्यानेही ठेवावीत असं होत नाही.

आता लिपी. १९८९ च्या सुमाराला मनिलाजवळ लागुना भागात नदीतली वाळू काढताना एक काळपट ताम्रपट सापडला. वहीच्या उघड्या पानाएवढा, पातळ, चुरगळलेला. आज तो मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आन्तोन पोस्टमा या डच अभ्यासकाने तो वाचला. पहिली ओळ अशी सुरू होते: ‘स्वस्ति शकवर्षातीत ८२२ वैशाखमास’. पुढे चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. इसवी सन ९००. भिंतीवरचं कालनिर्णय उलटणाऱ्या कुणालाही ही ओळ भाषांतराशिवाय कळेल. मजकूर काय, तर नामवरान नावाच्या माणसावरचं सोन्याचं कर्ज फिटलं, आता त्याच्या मुलाबाळांकडे कुणी मागू नये. थोडक्यात, कर्जफेडीची पावती. स्पॅनिश लोक तिथे राज्य करायला आले १५६५ साली. त्याच्या साडेसहाशे वर्षं आधी हे लोक देण्याघेण्याची कागदपत्रं तांब्यावर कोरून ठेवत होते.

हा ताम्रपट जावाकडच्या जुन्या कावी लिपीत आहे, जुन्या मलय भाषेत. तागालोग ही मनिला भागातली भाषा. स्पॅनिश आले तेव्हा ती बोलणाऱ्यांमध्ये वापरात होती ती बायबायिन लिपी. आपल्या बाराखडीची लांबची चुलत बहीण. प्रत्येक व्यंजनात ‘अ’ धरलेलाच. वर एक टिंब दिलं की इ किंवा ए, खाली दिलं की उ किंवा ओ. ‘ब’वर टिंब म्हणजे बि, खाली टिंब म्हणजे बु. नुसतं व्यंजन लिहायची सोय नव्हती, शेवटचा ‘न’ किंवा ‘त’ वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचा. पुढे एका मिशनऱ्याने त्यासाठी बारीकसा क्रूस जोडला, म्हणजे आपला हलन्तच. १५९३ मध्ये मनिलात जे ख्रिस्ती प्रार्थनांचं पुस्तक छापलं गेलं, त्यात स्पॅनिश आणि रोमनमधल्या तागालोगच्या जोडीला बायबायिनही आहे. लोकांना वाचताच येत नसतं तर पाद्र्यांनी हा खटाटोप कशाला केला असता?

आज मनिलात रस्त्यावरच्या किती जणांना बायबायिन वाचता येते? फारच थोड्यांना. हे खरं आहे, मान्य. पण काका, आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांचे जमिनीचे कागद आहेत ते मोडीत. घरात एकालाही ते वाचता येत नाहीत, तुम्ही ते वाचून घ्यायला दोन वर्षं माणूस शोधताय. म्हणून आपल्याला लिपीच नव्हती असं कुणी म्हटलं तर चालेल? कॅलिफोर्नियात वाढलेली फिलिपिनो पोरं ती अक्षरं हुडकून शिकतात, चित्रांत आणि अंगावर काढतात. आपण मोडीचं तेवढंही करत नाही.

‘म्हणजे आमचंच की!’ असं काका आता म्हणतील, म्हणून कलिंगाचं लगेच उरकते. लुझोन बेटाच्या उत्तरेकडच्या डोंगरांत कलिंग लोक राहतात, ते खरं. पण ते नाव शेजारच्या इबानाग भाषेतलं आहे आणि अर्थ ‘मुंडकी मारणारे’ किंवा ‘शत्रू’ असा. खालच्या खोऱ्यातल्या लोकांनी डोंगरवाल्यांना दिलेलं नाव. अशोकाचा काही संबंध नाही. संस्कृतचा ठसा मात्र आहे, तोही नाकारणार नाही. तागालोगमध्ये शिक्षक म्हणजे गुरो, चेहरा म्हणजे मुखा, आशा म्हणजे आसा. हे शब्द जावा-सुमात्रामार्गे, व्यापाराबरोबर गेले. मराठीत ‘मेज’ आणि ‘दरवाजा’ फारसीतून आले म्हणून तुकोबांचे अभंग इराणचे ठरत नाहीत.

याच कलिंग डोंगरात बुस्कालान गावी शंभरी ओलांडलेल्या फांग-ओद आजी लिंबाच्या काट्याने गोंदतात. काजळीत पाणी मिसळायचं, काटा बांबूच्या काडीत अडकवायचा आणि वरून दुसऱ्या काडीने टकटक ठोकत राहायचं. माझ्या आजीच्या हनुवटीवरचं गोंदण असंच कुणीतरी बसून केलेलं. हा वारसा नात्यातच द्यायचा असल्याने त्यांनी नात्यातल्या मुलींना शिकवलं.

आडनावांचं एका परिच्छेदात संपतं. १८४९ मध्ये गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरियाने हुकूम काढला आणि आडनावांची छापील यादीच गावोगाव पाठवली: घ्या यातून. करवसुलीला सोयीचं पडावं म्हणून. काही गावांना यादीतली एकेका अक्षराची पानं मिळाली. वहिनीचं गाव आल्बाय प्रांतातलं ओआस, तिथली जुनी आडनावं बहुतेक सगळी ‘र’ची. लग्नात तिच्याकडच्या पाहुण्यांची यादी वाचताना आम्हाला वाटलं होतं, ही सगळी एकाच भावकीतली माणसं. सासष्टीतल्या फर्नांडिसांकडे जाऊन त्यांचे आजोबा लिस्बनचे होते का, असं विचारून बघा.

आता नक्कल. हा मुद्दा नुसता चुकीचा असता तर सोडून दिला असता, पण हा घाव जुना आहे. चित्रकार कार्लोस व्हिया १९३६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला, आईवडील फिलिपिन्सहून आलेले. कलाशाळेत असताना त्याने शिक्षकाला फिलिपिनो कलेच्या इतिहासाबद्दल विचारलं. उत्तर मिळालं, असा काही इतिहासच नाही. काकांचा फॉरवर्ड त्याला साठेक वर्षं आधी, तोंडी मिळाला होता. त्या एका उत्तराला तो २०१३ मध्ये जाईपर्यंत प्रत्युत्तर देत राहिला. कॅनव्हासवर स्वतःच्या चेहऱ्याचे, हातापायांचे ठसे उमटवले, पिसं लावलेले माणसाहून मोठे झगे केले, आणि ज्या संस्थेत शिकला तिथेच अनेक वर्षं शिकवून पुढच्या पोरांच्या हाती तो नसलेला इतिहास ठेवला. २०२२ मध्ये त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन नेवार्कला आणि सॅन फ्रान्सिस्कोला झालं. वहिनी भाचीला घेऊन गेली होती, पण तेव्हा पोरगी लहान होती, तिला फक्त पिसं आठवतात.

इथे एक कबुली द्यावी लागेल. ती पिसं काही फिलिपिन्सच्या इलोकोस प्रांतातून आलेली नाहीत. व्हियाने पॅसिफिक बेटांकडून घेतलं, आफ्रिकेकडून घेतलं. हाताशी जे दिसलं त्यातून पूर्वज जोडले. याला कुणी उसनवारी म्हटलं तर मी वाद घालणार नाही, पण नक्कल हा शब्द मागे घ्या.

पासिता आबाद या फिलिपिनो चित्रकर्तीचंही तसंच. बातानेस या उत्तर टोकाच्या बेटांवर १९४६ मध्ये जन्मली, राजकारणी घरातली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्याविरोधातल्या आंदोलनानंतर १९७० मध्ये देश सोडला आणि मग बांगलादेशापासून सुदानपर्यंत फिरत राहिली. कॅनव्हास रंगवायचा, मागे अस्तर लावायचं, मध्ये भरण घालायचं, वरून धावदोरा मारून तो फुगवायचा आणि त्यावर कवड्या, मणी, आरसे, बटणं टाचायची. या कामाला ती ट्रापुन्तो म्हणायची. शब्द इटालियन आहे, आरसेकाम आपल्याकडचं, कवड्या कुठल्याही समुद्राच्या. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत, तिच्यात एखादा तुकडा सोलापूरचा, एखादा इचलकरंजीचा असे. गोधडी मग कुणाची? शिवणारीची. तिने काढलेली न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवी सावळ्या रंगाची आहे, हेही जाता जाता सांगते.

गायकांबद्दल अर्धं सत्य आहे, ते देऊन टाकते. बोटींवर आणि हॉटेलांत दुसऱ्यांची गाणी हुबेहूब गाणारे फिलिपिनो बँड खूप आहेत, तो पोटापाण्याचा धंदा आहे. पण दक्षिण फिलिपिन्समधल्या मागिंदानाओचे दानोंगान कलांदुयान अमेरिकेत जाऊन काय वाजवत होते? कुलिन्तांग. एका ओळीत मांडलेल्या आठ घंटा, स्वरलिपी नाही, वाजवता वाजवता वाढवत न्यायचं. १९९५ मध्ये अमेरिकेने त्यांना लोककलांसाठीचा आपला राष्ट्रीय सन्मान दिला.

आणि आता ती कुत्र्यांची ओळ, जी वाचून माझं डोकं फिरलं. ही ओळ आकाशातून पडलेली नाही. १८९८ मध्ये अमेरिकेने स्पेनला दोन कोटी डॉलर देऊन फिलिपिन्स घेतलं, विरोध करणाऱ्यांशी युद्ध केलं आणि १९०४ मध्ये सेंट लुइसच्या जागतिक जत्रेत हजाराहून जास्त फिलिपिनो माणसं प्रदर्शनाला मांडली. ४७ एकरांत. ‘रानटी’पासून ‘सुधारलेल्या’पर्यंत पायऱ्या पाडून, म्हणजे बघणाऱ्याला पटावं की या लोकांना आपल्या राज्याची गरजच आहे. उत्तर लुझोनच्या डोंगरातले बोंतोक इगोरोत लोक कुत्र्याचं मांस खात ते विशिष्ट विधींच्या वेळी. जत्रेत मात्र तो खेळ झाला, प्रेक्षकांना बघायचं असे म्हणून पुन्हा पुन्हा करायला लावलेला. तिकीट काढून आलेल्यांनी जे पाहिलं ते घरी जाऊन सांगितलं, आणि एकशे वीस वर्षांनी ते ठाण्यात आमच्या काकांच्या फोनवर पोचलं.

मनिलात जन्मलेली, कॅलिफोर्नियात काम करणारी स्टेफनी सिहुको ही कलावंत त्या जत्रेचे जुने फोटो शोधत अभिलेखागारात गेली. फोटोंवर तिने काही रंगवलं नाही, काही फाडलं नाही. त्यातल्या माणसांच्या चेहऱ्यांवर स्वतःचे हात ठेवले आणि तसाच फोटो काढला. बघणाऱ्याला दिसतात तिची बोटं, आणि बोटांच्या कडेने डोकावणारा एखादा खांदा, एखादा भाला. जणू ती म्हणते: इतकी वर्षं टक लावून बघितलंत, आता पुरे. बेनकाब नावाचा फिलिपिनो चित्रकार १९६९ मध्ये लंडनला गेला, त्यालाही तिथल्या जुन्या दुकानांत आपल्याच माणसांची असली छायाचित्रं विकायला ठेवलेली सापडली होती. त्यांतून त्याची चित्रमालिका झाली.

सिहुकोचा तो फोटो मी ग्रुपवर टाकला. काकांनी अंगठा दाखवला. बघितला की नाही देव जाणे.

अजून एक ओळ राहिली: ‘त्यांचं जेवणही स्पॅनिश, उदाहरणार्थ आदोबो.’ नाव स्पॅनिश आहे. पण मांस व्हिनेगरमध्ये शिजवायची रीत तिथलीच, स्पॅनिशांनी तिला फक्त आपल्याकडचं नाव चिकटवलं. १६१३ च्या तागालोग शब्दकोशात एका पाद्र्याने ‘इथल्या लोकांचा आदोबो’ अशी नोंदच केली आहे. दादाच्या लग्नात वहिनीच्या आईने चिकन आदोबो केला होता. काकांनी दोनदा मागून घेतला.