श्रीमंत देशांची तुलना कशासाठी? सुनीताताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

सुनीताताई, नमस्कार. वेगवेगळ्या देशांच्या आरोग्यव्यवस्थांची तुलना शिकायची आहे, असं मी लिहिलं होतं. त्यावर "युरोपात पैसा आहे म्हणून तिथं सगळं चालतं. तिथल्या देशांची तुलना शिकायला लाखो रुपये घालवण्यापेक्षा वर्षभर एखाद्या आरोग्य केंद्रात बसा, जास्त कळेल," असं तुम्ही लिहिलंत. ग्रामीण रुग्णालयात नोकरी केलेल्या परिचारिकेचं हे म्हणणं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आरोग्य केंद्रात पुष्कळ कळेल, हे मान्यच. पैशाचा मुद्दा मात्र पटत नाही. जर्मनी, ब्रिटन, नेदरलँड्स हे तिन्ही श्रीमंतच. तरी तिघांनी उपचारांचा खर्च वाटून घेण्याच्या वेगवेगळ्या पद्धती निवडल्या. त्या का निवडल्या, हेच तर मला शिकायचंय. आणि सुरुवातीला पैसा होता असंही नाही. ५ जुलै १९४८ला ब्रिटनने सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली, तेव्हा तो देश युद्धाच्या कर्जात बुडालेला होता. रेशनिंग तर १९५४पर्यंत चाललं. जर्मनीचा आजारविम्याचा कायदा १८८३चा. तो आधी फक्त कामगारांपुरता होता. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराचे, एक मालकाचा. पुढे कित्येक दशकं तो वाढत गेला. आपला ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) कायदाही १९४८चाच आणि वर्गणीच्याच तत्त्वावरचा, पण तो ठरावीक पगाराच्या आतल्या कामगारांपाशी अडला. शेतमजुरापर्यंत तो का पोचला नाही, हा प्रश्न मला जर्मनीचा इतिहास वाचताना पडला.

नेदरलँड्सचं उदाहरण मला सर्वांत मोलाचं वाटतं. तिथं २००६पासून प्रत्येकाला खासगी कंपनीचा विमा सक्तीचा आहे. मूळ विमा देताना कंपनी कुणालाही नाकारू शकत नाही, आजारी माणसाकडून जास्त हप्ताही घेऊ शकत नाही. प्रौढ रुग्णाला वर्षाचे पहिले ३८५ युरो स्वतः भरावे लागतात, पण फॅमिली डॉक्टरची भेट त्यातून वगळलेली आहे. बिलाच्या धास्तीने कुणी दुखणं अंगावर काढू नये, म्हणून. आपली महात्मा फुले योजना मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावरच्या उपचारांचा खर्च उचलते. दुकानातून दरमहा घेतलेल्या बीपीच्या गोळीचा नाही. (सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते, तिथला साठा संपतो तेव्हाचं मी बोलतेय.) गोळी चुकत राहते आणि पक्षाघात झाल्यावर योजना धावून येते. हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असणार.

ब्रिटनमध्ये उपचारांसाठी लांब रांगा लागतात, हे तुमचं बरोबर आहे. तिथं नियोजित उपचार १८ आठवड्यांत सुरू व्हावेत असं उद्दिष्ट आहे, आणि इंग्लंडमध्ये ते बरीच वर्षं गाठलं गेलेलं नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, जर्मनीत गरिबाला औषधांचे पैसे पडतात का? पडतात. डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधाला किमतीच्या १० टक्के, साधारण ५ ते १० युरो. १८ वर्षांखालच्यांना माफ. आणि वर्षभरात असा स्वतः भरायचा खर्च घरच्या उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर गेला, की उरलेल्या वर्षासाठी सूट मागता येते; दीर्घ आजाराच्या रुग्णाला ही मर्यादा १ टक्का.