शनिवारवाडा तोफांनी पडला नाही

शनिवारवाड्याबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षे फिरतोय. पहिल्या बाजीराव पेशव्यांना सातमजली वाडा अख्खा दगडात बांधायचा होता. एक मजला झाल्यावर साताऱ्याच्या लोकांनी शाहू महाराजांकडे तक्रार केली की दगडी वाडा राजालाच शोभतो, म्हणून वरचे सहा मजले विटांचे झाले. नव्वद वर्षांनी इंग्रजांच्या तोफांनी ते पाडले आणि दगडी मजला तेवढा उरला. मग वाडा ओस पडला, आणि आता तिथे पौर्णिमेला ‘काका मला वाचवा’ ऐकू येतं. परवा पाहुण्यांना घेऊन वाड्यात गेलो होतो, तेव्हा एक गृहस्थ हेच आपल्या मुलीला वाचून दाखवत होते. ती मन लावून ऐकत होती. म्हणून हे लिहितोय.

सात मजल्यांचा बेत पहिल्या दिवसापासून होता, हेच चूक. 10 जानेवारी 1730 ला पाया घातला, 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत झाली, आणि खर्च आला 16,110 रुपये. तो वाडा दुमजली होता. चौक, महाल, कारंजी, वरचे मजले पुढच्या पिढ्यांनी वाढवले. जोतं दगडाचं आणि वर वीट नि सागवान, ही तर देशावरच्या वाड्यांची नेहमीची रीत. विश्रामबागवाड्याचं लाकूडकाम बघा. शाहू महाराजांच्या नाराजीची जी गोष्ट जुनी माणसं सांगतात ती उत्तरेकडे, म्हणजे दिल्लीकडे, तोंड केलेल्या दिल्ली दरवाजाची आहे. तो त्यांच्या पश्चात नानासाहेबांनी पुरा केला म्हणतात.

तोफांचा मुद्दा तर दारातच निकालात निघतो. दिल्ली दरवाजाचे खिळे बघून झाले की मान वर करा. वर नगारखाना आहे. लाकडी खांब, लाकडी महिरपी, सगळं जागच्या जागी. आता तटाकडे वळा: खाली दगड, वर वीट, आणि वीटही उभीच. तोफांनी सहा मजले जमीनदोस्त केले असते तर सगळ्यात पुढे असलेला हा लाकडी नगारखाना कसा वाचला असता? लढाई झाली ती 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीला. 16 तारखेला येरवड्याला पुन्हा चकमक झाली, दुसरे बाजीराव निघून गेले आणि 17 नोव्हेंबरला इंग्रजांच्या बाजूच्या बाळाजीपंत नातूंनी वाड्यावर इंग्रजांचं निशाण लावलं. वाडा अखंड इंग्रजांच्या हाती आला.

वाडा संपवला तो आगीने. पेशव्यांच्या काळातही त्याला आगी लागल्या होत्या, 1791 ची त्यातलीच. फेब्रुवारी 1828 मध्ये लागलेली आग मात्र कित्येक दिवस धुमसत राहिली. सागवानी तुळया, खांब, तक्तपोशी, सगळं गेलं. जे जळणारं नव्हतं ते उरलं. दगडी जोत्यांचं कोडं एवढंच.

आणि ओस? निशाण लागल्यावर इथे कलेक्टर रॉबर्टसन राहिला. मग कैदी आले, दवाखाना आला, वेड्यांचं इस्पितळ आलं. पेशव्यांच्या दिवाणखान्याच्या छताखाली कुणी आजारी माणूस कण्हत पडला असेल, याचा विचार कुणी करत नाही याचं मला वाईट वाटतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आवारात कोर्टाच्या इमारती होत्या, त्या पाडून उत्खनन झालं, तेव्हा आज दिसणारी जोती नि कारंज्यांचे हौद उघडे पडले.

राहिलं भूत. 30 ऑगस्ट 1773 ला गारद्यांनी, म्हणजे भाडोत्री शिपायांनी, नारायणराव पेशव्यांना मारलं तेव्हा ते अठरा वर्षांचे होते, आणि बायको गंगाबाई गरोदर होती. तिचा मुलगा सवाई माधवराव पुरंदरावर जन्मला, याच वाड्यात वाढला आणि 1795 मध्ये याच वाड्यात वरून पडून गेला. म्हणजे खुनानंतरही घर नांदतंच होतं. किंकाळीची गोष्ट सांगणाऱ्यांनी गंगाबाईंचं नाव तरी घ्यावं.

त्या गृहस्थांना मी नगारखाना दाखवला. मुलीने विचारलं, “मग आग विझवायला पाणी नव्हतं का?” कारंज्याच्या कोरड्या हौदाकडे बघत ती उभी होती.